हे वाक्य बोलतंय कोण? दुःख, मरण आणि श्रद्धा समजून घेताना

२९ जानेवारी २०२५, मौनी अमावास्या. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पहाटे संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली. सरकारने सांगितलेला मृतांचा आकडा ३०. त्यातले चार जण आपल्या बेळगावचे होते. बातमी आली त्या दिवशी शहरात दोनच वाक्यं फिरत होती. रिक्षा स्टँडवर तीच, चहाच्या गाड्यावर तीच, मोबाईलवरही तीच. एक : "पुण्यवान माणसं, संगमावर मरण आलं, मोक्षच मिळाला की." दुसरं : "देवाच्या दारी गेलेल्यांनाच देवानं वाचवलं नाही, मग कसला देव?"

मला दोन्ही वाक्यं खुपली. का खुपली, ते त्या दिवशी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याच वर्षी पावसाळ्यात माझी आत्या आजारी पडली आणि मग ते हळूहळू उलगडत गेलं. खानापूर तालुक्यातलं गाव, गळ्यात तुळशीची माळ, कार्तिकीला पंढरपूर ठरलेलं. पोटाचा कॅन्सर निघाला. सात आठवडे मी तिच्या खाटेजवळ बसलो. एका रात्री सलाईनची बाटली बदलून नर्स गेली आणि आत्या छताकडे बघत म्हणाली, "माळ घातली, कुणाचं वाकडं केलं नाही. मग मलाच का रे?"

हा प्रश्न फार जुना आहे. त्यावर मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलंय, पण ते बहुतेक अशा भाषेत की आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग होऊ नये. मला जेवढं समजलं, तेवढं इथे साध्या शब्दांत मांडतो.

धरणाचं दार कुणाच्या हातात?

आधी अडचण नेमकी काय आहे ते बघू. २०१९ चा ऑगस्ट आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, तिन्ही नद्या पात्राबाहेर आल्या. घरं पडली, जनावरं वाहून गेली. पाणी ओसरल्यावर गावोगाव एकच चर्चा होती : धरणाचे दरवाजे कुणी उघडले, कधी उघडले, आधी का नाही उघडले? हिडकलचं नाव निघायचं, नविलुतीर्थाचं निघायचं, वरच्या कोयनेचं निघायचं.

आता असा एक माणूस डोळ्यांपुढे आणा, ज्याच्या हातात धरणाचा दरवाजा आहे. पाणी किती येणार हे त्याला आधीपासून ठाऊक आहे. आणि खालच्या गावातली सगळी त्याच्या लेकरांसारखी आहेत. तरीही पाणी गावात शिरलं. मग तीनपैकी एक काहीतरी चुकीचं असणार. दरवाजा त्याच्या हातात नव्हता, किंवा त्याला ठाऊक नव्हतं, किंवा गावावर माया नव्हती.

देवाबद्दल आपण या तिन्ही गोष्टी एकदम मानतो. तो सगळं करू शकतो, त्याला सगळं कळतं, आणि तो दयाळू आहे. तरीही लहान मूल तापाने जातं. तत्त्वज्ञानात याला 'ईश्वरन्यायाचा प्रश्न' म्हणतात. मी याला पुढे दरवाजाचा प्रश्न म्हणेन.

हा प्रश्न नास्तिकांनी उकरून काढलेला आहे असं समजू नका. तो खरा टोचतो श्रद्धा असलेल्यालाच. ज्याला दरवाजाशी कुणी उभंच आहे असं वाटत नाही, त्याला पाणी आलं तर दुःख होतं, दगा झाल्यासारखं वाटत नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक गणपती बोळवून, दमून, घरात झोपले होते. १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालच्या लिस्बन शहरात भूकंप झाला तेव्हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण होता आणि माणसं चर्चमध्ये प्रार्थनेला जमली होती. त्या एका सकाळीवर युरोपातले विचारवंत पुढे कित्येक वर्षं वाद घालत राहिले. प्रयागराजनंतर आपल्या चहाच्या गाड्यावर चालला तो वाद याच घराण्यातला.

संचित, प्रारब्ध, क्रियमाण

आपल्याकडे या प्रश्नाचं सगळ्यात प्रचलित उत्तर म्हणजे कर्म. हा शब्द आपण इतका वापरतो की त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं राहून जातं. त्याचे तीन भाग सांगतात आणि भाताच्या घरात वाढलेल्याला ते चटकन कळतील. कणगीत साठवून ठेवलेलं जुनं भात म्हणजे संचित. त्यातलं थोडं काढून, कांडून, आज चुलीवर चढवलंय ते प्रारब्ध. शिजायला घातलेला तांदूळ परत कणगीत जात नाही, तो खाऊनच संपवायचा. आणि या पावसाळ्यात रानात जे पेरतोय ते क्रियमाण, त्याचं पीक पुढे कधीतरी येणार.

यात दरवाजाचा प्रश्न बराच सुटतो. ब्रह्मसूत्रं या वेदान्ताच्या जुन्या ग्रंथात हा आक्षेप थेट घेतलाय. देव कुणाला सुखी करतो, कुणाला दुःखी, मग तो पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? सूत्र म्हणतं, नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या कर्माला धरून फळ देतो. शंकराचार्यांनी तिथे पावसाचा दाखला दिलाय. पाऊस साऱ्या रानावर सारखाच पडतो, भात उगवायचं की जव हे बियाण्यावर ठरतं. म्हणजे देवाचा हात दरवाजावरून काढून आपल्या पेरणीवर ठेवला.

पण सोडवणूक पूर्ण होत नाही. सगळ्यात पहिल्या जन्मी, जेव्हा काहीच पेरलं नव्हतं, तेव्हा दुःख कुठून आलं? यावरही तिथेच पुढचं सूत्र आहे : संसाराला सुरुवातच नाही, तो अनादि आहे. तर्काला हे चालतं. मनाला मात्र वाटतं की प्रश्न एक घर मागे सरकवला. दुसरी अडचण आठवणीची. मागच्या जन्माचं आपल्याला काही आठवत नाही. कशाबद्दल ते न सांगता दंड वसूल करावा, तसं हे होतं.

गीतेत एक छोटंसं वाक्य आहे, 'गहना कर्मणो गतिः'. कर्माची वाट गहन आहे, सहज उमगणारी नाही. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या परंपरेने कर्म सांगितलं, तिनेच बजावून ठेवलंय की कुणाचं कुठलं दुःख कशामुळे, हे तुम्हाला वाचता येणार नाही. कर्म आहे असं मानणं वेगळं, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं कर्म मला कळलं असं मानणं वेगळं.

एकाच वाक्याची दोन वजनं

एका दुपारी गावाकडचे एक वडीलधारे आत्याला बघायला आले. शहाळं आणलं होतं. बराच वेळ बसले, घरच्या सगळ्यांची विचारपूस केली. उठता उठता म्हणाले, "भोग असतात बाई. मागच्या जन्मीचं काहीतरी राहिलं असंल. भोगून संपवायचं." आत्याने मान हलवली. ते गेल्यावर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि संध्याकाळचा चहाही घेतला नाही. त्या माणसाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. एसटी बदलून, चाळीस किलोमीटरवरून, उन्हातून ते आले होते. पण तिच्यापर्यंत पोचलं ते एवढंच की तुझंच चुकलंय.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की आता केमो झेपणार नाही. मी बाहेर जाऊन रडून आलो. आत आलो तर ती शांत होती. म्हणाली, "चुलीवरचं संपत आलं बघ. आता कणगीत हात घालायचा नाही." मघाचा भाताचा दाखला तिचाच आहे, मी तो उसना घेतलाय.

प्रारब्ध तेच, भोगून संपवणंही तेच. पण पहिल्यांदा त्याने तिचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि दुसऱ्यांदा तिनेच त्याचा आधार घेतला. फरक एवढाच होता की वाक्य कोण बोलतंय. 'माझं प्रारब्ध' म्हणणारा माणूस आपल्या दुःखाला कुठेतरी जागा करून देतो. 'तुझं प्रारब्ध' म्हणणारा, त्याच्या नकळत, न्यायाधीश होऊन बसतो.

हे एकदा ध्यानात आलं आणि मग मला आपल्या परंपरेतली बरीच वाक्यं नव्याने ऐकू यायला लागली. संगमावर गेलेल्यांच्या घरच्यांपैकी कुणी रात्री उशिरा म्हटलं असेल, "मोक्षच मिळाला म्हणायचा," तर त्या घराला तो शब्द धरून झोप लागली असेल. त्यांचा तो हक्क आहे. आपण टपरीवर चहा पिताना तेच म्हटलं तर बॅरिकेड, गर्दी, बंदोबस्त हे सगळे प्रश्न पुण्याईच्या पांघरुणाखाली जातात, आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराने रडायचं की नाही हेही आपणच ठरवून टाकतो.

हे 'तू' किती महाग पडलंय

याचा सर्वांत जड दाखला जातीचा आहे. तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे, त्यात ते आपला महार जन्म मागच्या जन्मीच्या कृष्णनिंदेचं फळ म्हणून सांगतात. शतकानुशतकं समाजाने त्यांच्या लोकांना 'हे तुमच्या कर्माचं फळ' असं इतकं ऐकवलं होतं की ते त्यांच्या तोंडूनही तसंच निघालं. तेच चोखोबा विटाळ कुणाला नाही, असं दुसरीकडे रोखठोक विचारतात. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि ते दगडांखाली गेले. कथा सांगते की नामदेव तिथे गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं ती त्यांनी वेचली. मला त्या कथेत नामदेव दिसतात. ते भिंत का पडली याचं कारण सांगत बसले नाहीत, ढिगाऱ्यात उतरून हाडं शोधत राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाची शिकवण मांडताना मागच्या जन्मीच्या कर्मामुळे आज गरिबी किंवा हीन जन्म येतो हा विचार साफ नाकारला. असा विचार मानला तर दुःख देणाऱ्या समाजावर काही जबाबदारीच उरत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. श्रद्धाळू माणसानेही हा आक्षेप मनापासून ऐकला पाहिजे. मी तो ऐकलाय आणि मला तो पटतो.

तुकोबांनी काय केलं?

१६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. देहूत तुकोबांचं दुकान बुडालं, पत गेली, पहिली बायको गेली, मुलगा गेला. आपल्या एका आत्मचरित्रपर अभंगात ते लिहितात :

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

ही ओळ सावकाश वाचा. 'देवाघरी गेली' नाही, 'सुटली' नाही. अन्न अन्न करीत मेली. आता याच्या मागेपुढे कारण शोधा. प्रारब्ध, परीक्षा, लीला, काही सापडत नाही. पुढे येते ती लाज, आणि धंद्यात आलेली तूट. आणि त्यापुढे काय येतं ते मला कितीही वाचलं तरी नवं वाटतं : 'देवाचें देऊळ होतें जें भंगलें, चित्तासी जें आलें करावेंसें.' गावातलं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. ज्या देवाने बायकोला घासभर अन्न मिळू दिलं नाही, त्याच्याच देवळाच्या पडक्या भिंतीला या माणसाने हात लावला.

इथे कुणी म्हणेल, तुकोबांनीच 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' असंही लिहिलंय. दुष्काळाने पीडा केली तेही बरंच झालं, असं तेच म्हणतात. हो, म्हणतात. पण स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणतात. आपलं घर जळाल्यावर 'बरं झालं' म्हणणारा माणूस आणि शेजाऱ्याचं घर जळताना तेच म्हणणारा माणूस यांना आपण एका मापाने मोजत नाही. मयताच्या घरी जाऊन हा अभंग ऐकवणारे कीर्तनकार मी पाहिलेत. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की ती ओळ तुकोबांच्या तोंडात राहू द्या.

देवावर रागावलं तर चालतं का?

आत्याला याची फार भीती होती. आपण असं विचारलं म्हणजे पाप लागेल, माळेचा अपमान होईल. तिला मी जनाबाईंची आठवण करून दिली. 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' असं म्हणत जनाबाई विठ्ठलाला शिव्या देतात, आणि त्या शिव्या आपण सातशे वर्षं देवळात उभं राहून गातोय.

आपल्याकडे याला एक अस्सल शब्द आहे, गाऱ्हाणं. गावदेवीच्या यात्रेत देवीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घालतात. पाऊस नाही, गुरं मरतायत, पोराचं लग्न जुळत नाही. गाऱ्हाणं घालणारा देवीला प्रश्न विचारत नसतो. 'पाऊस का पडत नाही याचं कारण सांग' असं कुणी म्हणत नाही. बघ आमचं काय झालंय, हे सांगायला तो तिथे उभा असतो.

'मलाच का रे?' हेही तसंच असतं. आजारी माणसाने ते म्हटलं की आपण परीक्षेतला प्रश्न आल्यासारखे उत्तर शोधायला धावतो. कुणी कर्म सांगतो, कुणी जेवणाच्या वेळा पाळल्या नाहीत म्हणून सांगतो, कुणी देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा बघतो म्हणतो. आणि गाऱ्हाणं ऐकणारं कुणीच उरत नाही.

बायबलमधल्या ईयोबाच्या कथेतही हेच आहे. भला माणूस, एकाएकी मुलंबाळं, जनावरं, तब्येत सगळं जातं. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ न बोलता बसतात. मग तोंड उघडतात आणि पटवायला लागतात की तुझ्याकडून काहीतरी घडलंच असणार. कथेच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबाबद्दल तो म्हणतो की हा माझ्याविषयी नीट बोलला.

शेजारच्या घरांत काय म्हणतात?

बेळगावात राहायचं म्हणजे एका गल्लीत चार परंपरांची मयतं बघणं आलं. लिंगायत शेजाऱ्यांकडे 'मरणवे महानवमी' म्हणतात, मरण हाच महानवमीचा सण. तिथे देह बसलेल्या स्थितीत पुरतात, आणि बसवण्णांच्या वाटेने जाणारे सुतक मानत नाहीत. मुसलमानांच्या घरी निधनाची बातमी कळताच जे अरबी वाक्य म्हणतात त्याचा अर्थ 'आम्ही अल्लाहचेच, आणि त्याच्याकडेच परतणार' असा आहे. त्यातही 'आम्ही' आहे, बघा. बुद्धाकडे किसा गोतमी मेलेलं मूल घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मूठभर मोहरी आणायला पाठवलं. ती दारोदार हिंडली. मोहरी प्रत्येक घरी होती, तसं घर मात्र मिळालं नाही. मरण कुठल्याच घराला चुकलेलं नाही हे तिचं तिला कळू दिलं, यात मला फार मोठी माया दिसते.

'म्हणजे सगळी मनाची समजूतच ना?'

असं कुणी विचारलं तर मी चिडत नाही. देव आहे हे मला सिद्ध करून दाखवता येणार नाही आणि या लेखाचा तो हेतूही नाही. पण 'नुसती समजूत' हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण श्रद्धा फक्त डोक्यात राहत नाही. ती माणसांना कामाला लावते. मयत झालं की दहा दिवस त्या घरी चूल नीट पेटत नाही आणि भावकी, शेजारी डबे घेऊन येतात. रात्री कुणीतरी गरुडपुराण वाचतं, निम्म्यांना झोप लागते, तरी सगळे एका खोलीत असतात. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. शिवला नाही की एकेक जण हात जोडून मोठ्याने बोलायला लागतो, "लेकीचं आम्ही बघतो," "रानाची वाटणी सरळ करतो," "भांडण मिटवलं." गेलेल्याला हे पोचतं का, तुमची जशी श्रद्धा तसं समजा. चार माणसांसमोर उच्चारलेला शब्द मात्र मोडायला जड जातो.

कोरोनाच्या काळात हे सगळं एकदम बंद झालं. पिशवीत गुंडाळलेला देह, चार अनोळखी माणसं, दुरून नमस्कार. माझ्या ओळखीतल्या अशा घरांत अजूनही कुणी ना कुणी म्हणतं, "आम्हाला तोंड बघायला मिळालं नाही." कारण सगळ्यांना ठाऊक आहे, व्हायरसचं सगळं पाठ आहे. तरी ते दुःख बसलेलं नाही.

आणि अंगाऱ्याचं म्हणाल तर, आत्याच्या उशाखाली सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा होता आणि हातात सलाईन. दोन्हींचं कधी भांडण झालं नाही. भंडाऱ्यासाठी सलाईन काढायला सांगणारा भेटला तर त्याला वॉर्डाबाहेर काढा.

मशीन बंद करणं पाप आहे का?

हा प्रश्न आता कर्नाटकात दारात येऊन ठेपलाय. कुंभची ती बातमी आली त्याच आठवड्यात, ३० जानेवारी २०२५ ला, राज्याच्या आरोग्य खात्याने सन्मानाने मरण्याच्या हक्काबद्दल आदेश काढला. त्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत, म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला निकाल दिला की बरा होण्याची आशा नसलेल्या रुग्णाला, केवळ श्वास चालू ठेवणारे उपचार नाकारता येतात. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. कर्नाटकाचा आदेश ती पद्धत राज्यात राबवण्यासाठी आहे. सुई टोचून मरण देणं आजही गुन्हाच आहे. इथे बोलणं चाललंय ते व्हेंटिलेटरसारखं यंत्र काढून घेण्याचं किंवा न लावण्याचं. त्यासाठी आधी दवाखान्यातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, त्यात एक जण जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला असतो. घरच्यांची संमती लागते, आणि मॅजिस्ट्रेटला कळवल्यावरच पुढचं पाऊल.

यातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. अठरा वर्षांवरील कुणीही, शुद्धीवर असताना, आपल्यावर शेवटी कोणते उपचार करू नयेत हे लिहून ठेवू शकतो. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. आपल्या वतीने बोलणारी विश्वासाची माणसंही त्यात नेमायची असतात. ज्या दिवशी मला बोलता येणार नाही, त्या दिवशीसाठी माझं 'मी' कागदावर ठेवून देणं, असं हे आहे.

धर्माला हे चालतं का? आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन गेले. सल्लेखना म्हणजे शरीर साथ देईनासं झाल्यावर, गुरूंच्या अनुमतीने, अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडण्याचं जैन व्रत. त्यांचं ते ३६ दिवस चाललं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टाने या व्रताला आत्महत्येच्या रांगेत बसवलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. जैन बांधवांचं म्हणणं असं की आत्महत्या आवेगात होते, व्रत समजून उमजून घेतात. टीकाकार विचारतात, म्हातारीने घेतलं की घरच्यांनी घ्यायला लावलं? मला दोन्ही बाजू एकाच ठिकाणी बोट ठेवताना दिसतात. हा निर्णय 'मी' म्हणतोय का, की 'तू'? दवाखान्याचं बिल वाढतंय म्हणून मुलांनी बापाच्या वतीने वैराग्य घ्यायचं नसतं. तसंच, आपल्याला सोडवत नाही म्हणून, नको नको म्हणणाऱ्या आईला यंत्राला बांधून ठेवणं ही सेवा आहे का, हेही स्वतःला विचारावं लागतं.

आत्याने कागद केला नव्हता. पण तिला बोलता येत होतं, आणि तिने सांगितलं, "मला घरी न्या. नळ्या नकोत. दुखणं थांबवायचं औषध तेवढं द्या." डॉक्टरांनी वेदनेवरची औषधं लिहून दिली, कशी द्यायची ते दोनदा समजावलं, आणि आम्ही तिला गावी आणलं. अकरा दिवस होती. शेवटच्या दिवसांत ती विठोबाच्या तसबिरीशी पुटपुटायची. कधी नाव घ्यायची, कधी चक्क भांडायची. एकदा मी कान देऊन ऐकलं, ती म्हणत होती, "बघतोस काय नुसता कमरेवर हात ठेवून."

अकराव्या रात्रीनंतर

ती गेली तेव्हा भाताची कापणी चालू होती. मलप्रभेच्या काठावर सगळं आटोपून आम्ही परतलो. सुतक म्हणून घरात चूल बंद. भावकीतले डबे घेऊन येणारे होते, पण पाऊस लागून रस्त्यावर झाड पडलं होतं आणि ते अडकले.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक लिंगायत अक्का राहतात. आत्या आणि त्या तीस वर्षं बोलल्या, एक मराठीत आणि एक कन्नडात, आणि दोघींचं कधी अडलं नाही. तिन्हीसांजेला त्या परड्यातल्या दाराने आल्या. त्यांच्याकडे सुतक नाही, त्यामुळे उंबऱ्यावर थांबल्या नाहीत, थेट आत. पदराखाली जोंधळ्याच्या भाकरींची चळत आणि झाकलेलं पातेलं. आत्याच्या खाटेकडे एकदा बघितलं. काही बोलतील असं वाटलं, पण बोलल्या नाहीत. खाली बसल्या, पातेल्याचं झाकण काढलं आणि मला विचारलं, "ऊटा आतेन्री?"

जेवण झालं का, एवढंच. मी नाही म्हणालो. त्यांनी भाकरी मोडून ताटात ठेवली, वर पुंडीची भाजी वाढली, आणि मी खाईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.